परदेशी विद्यार्थ्यांसाठी विद्यार्थी-मार्गदर्शक: पुण्यातील विभागांनी काय करावे

अफगाणिस्तान, इराण, येमेन किंवा आफ्रिकेतील देशांतून पुण्यात शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या पंधरवड्यात अभ्यासापेक्षा कागदपत्रांचीच धास्ती जास्त असते. म्हणून प्रवेशाची यादी हाती येताच, विद्यार्थी मायदेशातून निघण्यापूर्वीच, विभागाने मार्गदर्शक ठरवावेत. मार्गदर्शक त्याच अभ्यासक्रमाचा, एक वर्ष पुढचा असावा आणि एकाकडे दोनपेक्षा अधिक विद्यार्थी देऊ नयेत. माझ्या मते पुण्यातच वाढलेल्या मुलापेक्षा नांदेडहून किंवा गडचिरोलीहून येऊन स्वतः खोली शोधत फिरलेला विद्यार्थी हे काम अधिक जाणतेपणाने करतो. त्याचे इंग्रजी थोडे अडखळले तरी बिघडत नाही.

पहिले काम नोंदणीचे. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याने १४ दिवसांच्या आत ई-एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) संकेतस्थळावर नोंदणी करायची असते. (नेपाळ व भूतानच्या नागरिकांना व्हिसाच लागत नाही, त्यामुळे त्यांच्या मार्गदर्शकांची यातून सुटका आहे.) त्यासाठी बोनाफाइड प्रमाणपत्र आणि राहत्या जागेचा पुरावा लागतो, आणि घोडे बहुतेक वेळा इथेच अडते. परदेशी भाडेकरूची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवण्याची जबाबदारी घरमालकाची असते, हे अनेक घरमालकांना ठाऊकच नसते आणि ज्यांना असते त्यांतील काहींना ती कटकट नको असते. तेव्हा भाडेकरार होण्यापूर्वीच मार्गदर्शकाने घरमालकाशी मराठीत बोलून ही गोष्ट स्पष्ट करून घ्यावी. अर्ज मात्र विद्यार्थ्यानेच भरावा आणि मार्गदर्शकाने नुसते शेजारी बसावे, कारण मुदतवाढीच्या वेळी तो त्यालाच भरायचा आहे. त्याचा पासपोर्ट किंवा पासवर्ड आपल्याकडे ठेवू नये.

त्यानंतर सहा आठवडे दर आठवड्याला, शक्यतो चहाच्या टपरीवर, भेटावे. जर्नल तपासून सही घेणे म्हणजे काय, अंतर्गत गुण कशाचे मिळतात आणि खिडकीवरचे ‘उद्या या’ कधी खरे मानायचे, हे कोणत्याही माहितीपुस्तिकेत नसते.

पैसे उसने देऊ नयेत. आयसीसीआरची (भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेची) शिष्यवृत्ती रखडली असेल, तर त्या संस्थेच्या पुणे कार्यालयाची वाट दाखवावी. विद्यार्थी वर्गात येईनासा झाला किंवा जेवणखाण टाळू लागला, तर मार्गदर्शकाने एकट्याने उपाय शोधत न बसता त्याच दिवशी विभागातील शिक्षकांना सांगावे.

दिवाळीत वसतिगृह ओस पडते आणि खानावळी बंद होतात. मार्गदर्शकही गावी जाणार असेल, तर सुट्टीत सुरू राहणाऱ्या एखाद्या खानावळीशी विद्यार्थ्याची आधीच गाठ घालून द्यावी.