जुनापाणीची शिलावर्तुळे कशी पाहावीत

नागपूरच्या वायव्येस काटोल रस्त्यालगतच्या जुनापाणी परिसरात सुमारे ३०० शिलावर्तुळे आहेत. लोहयुगातील माणसांनी मृतांसाठी रचलेली ही स्मारके भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. पावसाळ्यात गवत माजून दगडांचा घेर झाकला जातो. म्हणून थंडीच्या दिवसांत, शक्यतो सकाळी लवकर जावे.

वर्तुळ दिसताच आत पाऊल टाकण्याचा मोह आवरावा. आधी बाहेरून पूर्ण फेरी मारून काळ्या दगडांचे कडे कोठे सलग आहे, कोठे तुटले आहे आणि मधला माती-गोट्यांचा भराव किती उंच उरला आहे, हे नीट पाहावे. १९६१-६२ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी येथे तीन वर्तुळांचे उत्खनन केले. नुसता उंचवटा समजून आपण जो भराव तुडवतो, तोच या स्मारकाचा गाभा असतो.

त्यानंतर एकेका दगडाजवळ बसून त्यावर ओळीने कोरलेले उथळ खळगे शोधावेत. ते सगळ्याच दगडांवर नसतात आणि डोक्यावरच्या उन्हात तर डोळ्यांना सहज सापडतही नाहीत. कोवळे ऊन तिरपे पडले, की खळग्याच्या एका कडेला सावली धरते आणि अख्खी ओळ उठून दिसते. ओळ ठळक दिसावी म्हणून खळग्यांत खडू, पीठ किंवा पाणी घालू नये. छायाचित्र घेताना शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि दगड वर्तुळाच्या कोणत्या बाजूस आहे, ते वहीत टिपावे. काळ्या दगडात लोहखनिज असल्याने होकायंत्र त्याला टेकवू नये, दोन पावले दूर धरावे. या खळग्यांच्या दिशांचा आकाशातील घटनांशी काही संबंध असावा का, याचाही अभ्यास झाला आहे. त्यामुळे बसण्याच्या सोयीसाठी एखादा दगड हातभर जरी सरकवला, तरी तो पुरावा कायमचा बिघडतो, आणि ही हानी मला सर्वांत गंभीर वाटते.

एखादे खापर दिसल्यास ते जागेवरच ठेवून छायाचित्र काढावे. दगड हलवलेला किंवा भराव उकरलेला आढळल्यास जागेच्या नोंदीसह सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयास लेखी कळवावे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यानुसार संरक्षित स्मारकाची हानी करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.