आपल्या शहरातील सर्जनशील कामाचा आर्थिक हिशेब कसा मांडावा

छत्रपती संभाजीनगर, जालना, नांदेड, लातूर या शहरांच्या विकासाची चर्चा निघाली की एमआयडीसीतील कारखाने, बाजार समितीतील आवक आणि शिकवणी वर्गांची उलाढाल यांचे दाखले दिले जातात. विणकर, छायाचित्रकार, नाट्यकर्मी, डिझायनर, ध्वनिमुद्रण करणारे यांचे नाव फार तर सत्कार समारंभात निघते. त्यांच्या कामातून शहरात किती रोजगार उभा राहतो आणि किती पैसा टिकतो, हे एखाद्या महाविद्यालयाच्या अर्थशास्त्र विभागाला किंवा नागरिकांच्या छोट्या गटालाही मोजता येते.

सर्वप्रथम कोणाला मोजायचे हे लेखी ठरवावे, कारण पुढचा सगळा हिशेब या एका निर्णयावर अवलंबून आहे. 2002 साली अमेरिकी अभ्यासक रिचर्ड फ्लोरिडा यांनी ‘सर्जनशील वर्ग’ ही कल्पना मांडली आणि अमेरिकेतील सुमारे 30 टक्के कामकरी लोक या वर्गात मोडतात, असे सांगितले. हा आकडा एवढा मोठा होण्याचे कारण असे की, त्यांनी कलावंतांसोबत अभियंते, डॉक्टर, वकील आणि वित्तक्षेत्रातील जाणकारही त्यात धरले होते. हाताने वस्तू घडवणारे कारागीर मात्र त्या मांडणीत श्रमिकांच्या रकान्यात जातात. ही व्याख्या जशीच्या तशी उचलली, तर बँकेचा कायदा सल्लागार सर्जनशील ठरेल आणि पैठणचा विणकर ठरणार नाही. मराठवाड्यासाठी हे उफराटे आहे. म्हणून दोन याद्या कराव्यात: एकीत कला, हस्तकला, प्रकाशन, चित्रफीत, जाहिरात व डिझाइन, दुसरीत सॉफ्टवेअर, वास्तुरचना आणि इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थांत शिकून साचे व हत्यारांची रचना करणारे तंत्रज्ञ. दोन्हींची बेरीज एकत्र छापू नये.

याद्या ठरल्यावर त्यांना 2008 च्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाचे, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या व्यवसायाला दिलेले सरकारी क्रमांक जोडावेत. प्रकाशन 58, चित्रपट व ध्वनिमुद्रण 59, वास्तुरचना व अभियांत्रिकी 71, जाहिरात 73, डिझाइन व छायाचित्रण 74 मध्ये आणि कला-मनोरंजन 90 मध्ये येते. विणकाम 13 या वस्त्रोद्योगाच्या विभागात असल्यामुळे तेथे यंत्रमाग वेगळे काढून हातमागच घ्यावेत. लहान-मध्यम उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी याच क्रमांकांनी होते. त्यामुळे जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करावी आणि ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ हे शासकीय प्रकाशनही पाहावे. तरीही कागदावरचा आकडा अपुराच भरेल. फ्लेक्सच्या दुकानाची नोंद छपाई म्हणून असते, आणि आत संगणकावर बसून रोज नवी मांडणी करणारा मुलगा कुठेच नोंदलेला नसतो. त्यासाठी प्रभागनिहाय फिरून दुकानात प्रत्यक्ष विचारावे लागते: मांडणी कोण करते, महिन्याच्या पगारावर की नगावर, आणि उधारी किती दिवस राहते.

मोजणीनंतर गुणोत्तर काढावे. समजा, शहरातील शंभर कामगारांपैकी 2 जण या क्षेत्रात आहेत आणि राज्यात हेच प्रमाण 4 आहे, तर गुणोत्तर 0.5 येते. ते 1 च्या वर गेले, तर त्या कामाची शहराला खासियत आहे असे समजावे.

मात्र खरा प्रश्न डोकी किती हा नसून पैसा कुठे थांबतो हा आहे, आणि बहुतेक अहवाल नेमके इथेच आखडते घेतात. एकच वस्तू घेऊन तिच्या किमतीचा माग काढावा. पैठणीच्या पदराची जमीन जरीची असते. तीवर मोर, मुनिया किंवा अजिंठ्याचे कमळ उमटवताना विणकर प्रत्येक रंगाची वेगळी कांडी हाताने गुंतवत जातो, म्हणून अस्सल पदर मागच्या बाजूनेही तितकाच स्वच्छ दिसतो. या साडीचे रेशीम मुख्यतः कर्नाटकातून आणि जरीची तार सुरतेहून येते. विक्रीचा मोठा बाजार मात्र नाशिक जिल्ह्यातील येवल्यात आणि पुण्या-मुंबईच्या दुकानांत आहे. पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकनाने नावाचे रक्षण होते, नफ्याची वाटणी ठरत नाही. म्हणून ग्राहकाने दिलेल्या शंभर रुपयांतील कच्च्या मालाचे किती, मजुरीचे किती, नक्षी बेतणाऱ्याचे किती आणि दुकानदाराचे किती, असे चार रकाने भरावेत व यांपैकी कोणता पैसा पैठणमध्येच खर्च होतो ते लिहावे. मजुरीखेरीज काहीच गावात राहत नसेल, तर मागांची संख्या वाढवून शहराची वाढ होणार नाही. नक्षी आणि विक्री गावात आणावी लागेल.

हाच माग उलट्या दिशेनेही घ्यावा. जालन्यात बियाणे आणि पोलाद यांचे उद्योग आहेत. बियाण्याच्या पाकिटावरचे चित्र, शेतकऱ्यांसाठीची मराठी माहितीपत्रके आणि चित्रफिती शहरातच होतात की बाहेरून करून येतात, हे कंपनीच्या खरेदी विभागाला विचारावे. बाहेर जाणारे प्रत्येक काम ही स्थानिक कलावंतांसाठी तयार मागणी आहे.

कार्यकारणभावाविषयी मात्र सावध राहावे. प्रतिभावंत माणसे आली की उद्योग मागोमाग येतात, या फ्लोरिडा यांच्या प्रतिपादनावर पुष्कळ टीका झाली. स्वतः त्यांनीही 2017 मध्ये अशा शहरांतील महागडी घरे आणि वाढती विषमता यांची दखल घेतली. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये 1985 साली बजाज ऑटोचा कारखाना आला आणि त्यामागोमाग सुट्या भागांचे उद्योग वाढले. पगार आले, मग त्या पगारांवर चालणाऱ्या सेवा वाढल्या. आपल्याकडे हा क्रम अधिक पटण्याजोगा आहे. त्यामुळे ‘महोत्सवामुळे रोजगार वाढला’ असे लिहिण्यापूर्वी महोत्सव नसलेल्या वर्षाचे आकडे शेजारी ठेवावेत.

शेवटी वेळेचे भान ठेवावे. बँड, मंडप सजावट आणि छायाचित्रण यांची कमाई लग्नसराईत फुगते आणि चातुर्मासात आटते, म्हणून मोजणी दोन्ही काळांत करून सरासरी घ्यावी. महापालिकेचे अंदाजपत्रक मार्चअखेरपर्यंत ठरत असल्याने अहवाल डिसेंबरपर्यंत आयुक्तांकडे द्यावा, आणि त्यात मागण्या मोजक्याच ठेवाव्यात: नाट्यगृहाचे परवडणारे भाडे, हातमाग व कार्यशाळांसाठी जागा, आणि महापालिकेच्या स्वतःच्या छपाई व डिझाइनच्या कामांत स्थानिकांना संधी देऊन त्यांची बिले वेळेवर चुकती करणे.