आजोबा लढाईत 'सिग्नल'ला होते? आधी पदक उलटून पाहा

दुसऱ्या महायुद्धात घरातलं कुणी 'तारायंत्रावर' होतं, एवढंच ठाऊक असेल तर शोध पेटीतल्या पदकापासून सुरू करा. भारतीय सैनिकांच्या पदकांवर अनेकदा नंबर, हुद्दा, नाव आणि तुकडीची आद्याक्षरं कोरलेली असतात. गोल पदकाची कड आणि ताऱ्याच्या आकाराच्या पदकाची मागची बाजू भिंगाखाली पाहा. पॉलिश मात्र अजिबात करू नका, अक्षरं झिजतात. नंबर मिळाला की निम्मं काम झालं.

मग एक गोष्ट ठरवा, कारण बहुतेक घरांचा घोळ इथेच होतो. पायदळाच्या पलटणीचे स्वतःचे सिग्नलवाले, म्हणजे संदेश पोचवणारे जवान, असत. ते मराठा पलटणीतले असतील तर चौकशी बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरकडे करा. इंडियन सिग्नल कोअर या सैन्याच्या वेगळ्या संदेशवहन दलाचे जवान मात्र ब्रिगेड-डिव्हिजनबरोबर फिरत, तरी त्यांची नोंद सिग्नल्सचीच. त्यांच्यासाठी जबलपूरच्या सिग्नल्स अभिलेख कार्यालयाला लिहा. अर्जात नंबर, वडिलांचं नाव, गाव आणि तुमचं नातं द्या. पेन्शनचा जुना कागद असेल तर त्याची प्रतही जोडा. अर्ज लिहायला अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

युद्धात मृत्यू झाला असेल तर युद्धातल्या मृतांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव मोफत शोधता येतं. आडनावाची इंग्रजी स्पेलिंगं बदलून बघा आणि जिल्हा त्या काळचा धरा: कणकवलीकडची गावं 'रत्नागिरी'त, सांगलीकडची बरीचशी 'सातारा' जिल्ह्यात सापडतील; सावंतवाडी मात्र तेव्हा वेगळं संस्थान होतं.