जिप्सीपासून कमी खर्चात रॉक क्रॉलर

रॉक क्रॉलर म्हणजे मोठ्या खडकांवरून हळूहळू चढणारी गाडी. खडकावर ताकदीपेक्षा संथपणा महत्त्वाचा, म्हणून पहिला पैसा इंजिनावर नको, ट्रान्सफर केसवर (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी) घाला. जिप्सीची भावंड असलेल्या सुझुकी सामुराईचा मूळ लो रेशो (या पेटीतल्या संथ गिअरचं प्रमाण) २.२७ आहे, ४.१६ चा गिअर संच बसवला की त्याच गिअरमध्ये वेग जवळपास निम्मा होतो आणि क्लच जळायचा थांबतो.

मागचा डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर संच) वेल्डिंगने लॉक करणं, म्हणजे दोन्ही चाकं कायम एकत्र फिरवणं, हा सर्वात स्वस्त उपाय. पण तो पूर्ण खोला, बेअरिंग काढा, स्पायडर गिअर (आतले छोटे गिअर, वेल्ड यांनाच करायचं) रॉकेलने धुऊन तेलाचा अंशही ठेवू नका. तेल राहिलं तर वेल्डमध्ये छिद्रं पडतात. साधारण २०० अंशांपर्यंत तापवून ७०१८ क्रमांकाच्या वेल्डिंग रॉडने जोडा, मग कोरड्या वाळूत सावकाश निवू द्या. घाईने गार केलेला वेल्ड पहिल्याच झटक्यात तडकतो. पुढचा डिफरन्शियल मात्र वेल्ड करू नका: वळताना पुढचे सीव्ही जॉइंट (चाक वळलं तरी त्याला ताकद पोचवणारे सांधे) तुटतात, शिवाय स्टिअरिंग दगडासारखं जड होतं.

उंचीसाठी स्प्रिंगचे पाटे ॲक्सलच्या खालून काढून वर घ्या. पाटे ज्यावर बसतात ते पॅड आधी ॲक्सलवर फक्त टाके मारून धरा, गाडी चाकांवर उतरवून पिनियनचा (डिफरन्शियलमध्ये शिरणारा, प्रॉपेलर शाफ्टला जोडलेला गिअर) कोन तपासा, मगच पक्कं वेल्ड करा. ड्रॅग लिंक (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा) पाट्याला घासते का, तेही तेव्हाच बघा.

रोल केजला (गाडी उलटली तर माणसांना वाचवणारा पाइपांचा सांगाडा) पाण्याचा जीआय पाइप चालणार नाही. पावणेदोन इंची, ३ मिमी जाडीचा सीमलेस पाइपच घ्या.

टायरमध्ये १० ते १२ पीएसआय हवा पुरे. बीडलॉक (टायरची कड रिमला आवळून धरणारी कडी) नसेल तर याखाली उतरू नका, टायर रिममधून निसटतो. अशी गाडी रस्त्यावर चालवू नका, ट्रेलरवरूनच न्या.