डाव्या डोळ्याने रेंजफाइंडर वापरताय? या चुका टाळा

पहिल्या रोलमधले निम्मे फोटो शार्प आले नाहीत, तेव्हा मी कॅनोनेट हा माझा जुना रेंजफाइंडर कॅमेरा घेऊन थेट मुंबईतला बोरा बाजार गाठला. तिथे जुने कॅमेरे दुरुस्त करणारे एक काका बसतात. रेंजफाइंडर, म्हणजे फोकस जुळवायची यंत्रणा, हललाय, असं मी त्यांना ठामपणे सांगितलं. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला, समोरच्या दुकानाच्या पाटीवर धरला, फोकसची रिंग फिरवून फ्रेमच्या मधल्या चौकोनात (पॅचमध्ये) फोकस जुळवला आणि परत माझ्या हातात दिला. "पॅच बरोबर आहे. तू कसा बघतोस ते दाखव." मी दाखवलं: डावा डोळा, कॅमेऱ्याच्या पाठीवर चेपलेलं नाक, वाकडी मान. "डोळा मधोमध नाहीये तुझा," काका म्हणाले. "नाक तुला बाजूला ढकलतंय."

तेव्हापासून डाव्या डोळ्याच्या कुणाचाही कॅमेरा बिघडला की मी आधी त्याचं नाक कुठे टेकतं ते बघतो. लायका एम असो, कॅनोनेट असो की याशिका इलेक्ट्रो ३५, बघायची खिडकी पाठीमागे डाव्या कोपऱ्यात असते. उजवा डोळा लावणाऱ्याचं नाक कॅमेऱ्याच्या कडेला मोकळं राहतं आणि दुसरा डोळाही उघडा राहतो. आपलं नाक मात्र थेट पाठीवर येतं आणि उजवा डोळा बॉडीमागे झाकला जातो. एकदा हे लक्षात आलं की उपाय सापडतात.

जबरदस्तीने उजवा डोळा लावणे

दोन्ही हात लांब करून बोटांमध्ये छोटी फट करा आणि त्यातून दूरची एखादी वस्तू बघा, स्टेशनवरचं घड्याळ चालेल. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने घड्याळ फटीतच दिसत राहतं, तो तुमचा प्रबळ डोळा. साधारण तीनातल्या एका माणसाचा तो डावा असतो, आणि त्यासाठी माणूस डावखुराच असायला हवा असं नाही.

डोळा बदलायचा सल्ला सगळे देतात. मीही दोन महिने मनापासून प्रयत्न केला. फोकस जुळायचा, पण समोरचा क्षण निघून गेलेला असायचा. माझं मत स्पष्ट आहे: डोळा बदलू नका, धरायची पद्धत बदला.

पॅच फिका दिसला की कॅमेऱ्याला दोष देणे

फ्रेमच्या मधोमध जो उजळ चौकोन दिसतो, तो पॅच. त्यातली दुहेरी प्रतिमा एकावर एक बसली की फोकस झाला. पण डोळा खिडकीच्या मध्यापासून जरा सरकला की पॅच फिका पडतो, कधी पार नाहीसा होतो. मग आपण अंदाजाने रिंग फिरवतो आणि फोटो हुकतो.

कॅमेरा डोळ्याकडे आणताना चेहरा किंचित उजवीकडे वळवा. डावा डोळा पुढे येतो, नाक तिरकं होतं आणि पाठीवर टोकाऐवजी त्याची कड टेकते. मान वाकडी करू नका. आधी पॅच ठळक दिसू द्या, मगच रिंगला हात लावा. डाव्या हाताचं बोट पुढच्या छोट्या खिडकीवर आलं तरी पॅच गायब होतो, तेही बघून घ्या.

रेंजफाइंडर खरंच हललाय का, हे घरबसल्या ठरवू नका. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसा, रिंग अनंतावर न्या आणि पलीकडे मलबार हिलवरच्या एखाद्या उंच इमारतीची उभी कड पॅचमध्ये घ्या. कड एकच दिसली तर कॅमेरा ठीक आहे. दोन कडा दिसल्या, आणि डोळा मधोमध असूनही दिसल्या, तर दुरुस्तीला द्या.

चष्मा काढून फोटो घेणाऱ्यांनी डायॉप्टर, म्हणजे खिडकीवर बसणारी नंबरची काच, डाव्या डोळ्याच्या नंबरचा घ्यावा. दोन्ही डोळ्यांचे नंबर सारखेच असतील असं नाही, आणि ही चूक मी स्वतः केली आहे. झोर्की ४ मध्ये रिवाइंडच्या बटणाखाली डायॉप्टरचा लीव्हर असतो, तिथे वेगळी काच लागत नाही.

डोळ्याला लावूनच फिल्म ओढणे

माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये सुमारे ६३ मिलिमीटर अंतर असतं आणि लायका एमची बॉडी सुमारे १३८ मिलिमीटर रुंद. म्हणजे आपला उजवा डोळा जवळपास कॅमेऱ्याच्या मध्यामागे येतो आणि फिल्म ओढणारा अंगठा त्याच्या अगदी शेजारी. संध्याकाळच्या दादरच्या पुलावर मागून धक्का बसला आणि फिल्म ओढायचा लीव्हर माझ्या भुवईत घुसला. चष्मा होता म्हणून डोळा वाचला.

शटर दाबलं की कॅमेरा हनुवटीपर्यंत खाली घ्या, फिल्म ओढा, पुन्हा वर न्या. प्रत्येक फोटोनंतर लगेच ओढायची सवय लावली की वर नेलेला कॅमेरा नेहमी तयार असतो. लीव्हर अर्धवट बाहेर ठेवू नका, आत दाबा. १९७३ च्या लायका सीएलमध्ये लीव्हर थोडा बाहेर काढल्याशिवाय उजेड मोजणारा मीटर चालूच होत नाही, त्यामुळे तो विकत घेण्याआधी डोळ्याला लावून बघा. बजेट असेल तर काही लायका एम कॅमेऱ्यांसाठी लायकाव्हिट आहे. तो कॅमेऱ्याच्या तळाला बसतो आणि फिल्म डाव्या हाताच्या बोटांनी ओढता येते, चेहऱ्यावरून काहीच हलवावं लागत नाही.

उभी फ्रेम उलट्या बाजूने धरणे

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आरशासमोर उभं राहून शोधलं. कॅमेरा उभा करताना शटरचा हात वर ठेवा, असं जवळपास सगळीकडे शिकवतात. उजव्या डोळ्याला ते बरोबरच आहे. आपण तसं केलं की बॉडी नाकावरून उजव्या भुवईकडे येते.

उलट फिरवून बघा, शटरचा हात खाली. कॅमेऱ्याचा माथा उजवीकडे नाकाशेजारी येतो, बॉडी डाव्या गालावर उतरते आणि उजवा डोळा पूर्ण मोकळा होतो. आडव्या फ्रेममध्ये आपल्याला कधीच न मिळणारी सोय इथे मिळते: दोन्ही डोळे उघडे. उजवं कोपर बरगडीला टेकवलं की हातही स्थिर राहतो. गल्लीबोळांत आता मी उभ्याच फ्रेम जास्त घेतो.

फक्त मोठ्या फाइंडरसाठी पैसे घालणे

बेसा आर३ए चा फाइंडर (बघायची खिडकी) १:१ आहे, म्हणजे दृश्य नुसत्या डोळ्याइतकंच मोठं दिसतं, लायका एम३ चा ०.९१, एम२ चा ०.७२. "दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात" म्हणून पहिल्या दोघांची स्तुती होते. आडव्या कॅमेऱ्यात आपला दुसरा डोळा झाकलेलाच असतो, त्यामुळे ते कारण आपल्याला लागू नाही. ५० मिलिमीटरच्या लेन्सचा फोकस नेमका हवा असेल तर जरूर घ्या. ३५ मिलिमीटर वापरणार असाल तर ०.७२ बरा, कारण फ्रेमच्या बाहेरून आत येणारा माणूस एका डोळ्यानेही दिसतो.

गर्दीत प्रत्येक फोटोला पॅच जुळवत बसणे

दादरच्या फुलबाजारात पहाटे टोपल्या डोक्यावरून जात असतात. तिथे ३५ मिलिमीटरच्या लेन्सचं छिद्र एफ/८ वर आणि रिंग ३ मीटरवर ठेवली की सुमारे १.९ ते ७ मीटरमधलं सगळं चालण्याजोगं शार्प येतं. ४०० आयएसओची फिल्म घाला, उजेड वाढेपर्यंत शटर हळू ठेवा आणि कॅमेरा फक्त फ्रेम बघायला वर न्या.

पावसाळ्यात आणखी एक त्रास. आपलं नाक पाठीवर असल्याने श्वास सरळ काचेवर जातो आणि खिडकी धुरकट होते. श्वास सोडून झाल्यावर कॅमेरा वर आणा, फोटो घ्या, खाली घ्या, मग श्वास घ्या. एसी लोकलमधून उतरल्यावर कॅमेरा दहा-पंधरा मिनिटं बॅगेतच राहू द्या, नाहीतर गार काचेवर दव धरतं. खिशात सुती रुमाल ठेवा, आणि घरी आल्यावर कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा. माझ्या कॅनोनेटच्या पॅचवर पहिल्याच जुलैमध्ये बुरशीचा बारीक तंतू आला होता. काकांनी तो काढून दिला आणि डबा कुठे मिळतो तेही सांगितलं.