अ‍ॅडजस्टेबल बेंच घेताय? घरच्या जिममधल्या या चुका टाळा

व्यायामाचा, पाठ तिरकी करता येणारा बेंच ऑनलाइन बघताना नजर आधी जाते ती ‘३०० किलो क्षमता’ या ओळीवर. या आकड्यात सहसा तुमचं स्वतःचं वजनही धरलेलं असतं. ८० किलोचा माणूस १०० किलोचा बार घेऊन आडवा झाला की बेंचवर १८० किलो आले. जड डंबेल मांडीवर घेऊन धपकन मागे झोपणाऱ्याचा झटका वेगळाच. त्यामुळे मला तरी फ्रेमच्या पाइपच्या पत्र्याची जाडी जास्त भरवशाची वाटते. २ मिलिमीटरच्या खाली शक्यतो जाऊ नका. विक्रेता गेजमध्ये बोलला तर हिशोब उलटा: आकडा लहान, तेवढा पाइप जाड. १४ गेज म्हणजे साधारण २ मिलिमीटर, १६ गेज त्याहून पातळ.

उंची मात्र कोणी विचारतच नाही, आणि नडते तीच. पॉवरलिफ्टिंगच्या, म्हणजे जड बार उचलण्याच्या स्पर्धांच्या, आंतरराष्ट्रीय नियमांत बेंच ४२ ते ४५ सेंटीमीटर उंच लागतो. घरगुती अ‍ॅडजस्टेबल बेंच बरेचदा त्याहून उंच निघतात. उंची कमी असलेल्यांच्या टाचा मग टेकत नाहीत, पायांचा जोर मिळत नाही आणि बार वर जाताना अंग हलतं. ऑर्डरआधी बेंचच्या उंचीएवढी खुर्ची घरात टेपने मोजून शोधा आणि टाचा टेकतात का ते बसून बघा. बेंच घेऊन झाला असेल तर तुमच्या दोन्ही पावलांखाली सपाट रबरी प्लेट ठेवा, काम भागतं.

पाठ सात प्रकारे तिरकी होते, या ‘सात अँगल’ला भुलू नका. छातीच्या वरच्या भागाला ३० अंशांच्या आसपास पुरे. ६० च्या पुढे काम खांदेच करतात. त्यापेक्षा बैठक वर उचलली जाते का ते बघा. नाही तर तिरक्या बेंचवर वजन उचलताना प्रत्येक वेळी तुम्ही खाली घसरणार. सपाट केल्यावर दोन गाद्यांमध्ये राहणारी फटही बघा. ती मोठी असेल तर नेमकी कंबरेखाली येते.

नवा बेंच डुगडुगतोय? लगेच परत पाठवू नका. जोडताना एकेक बोल्ट पूर्ण आवळत गेलं की फ्रेम तिरकी बसते. सगळे बोल्ट थोडे सैल करा, बेंच सपाट फरशीवर ठेवा, कोणाला तरी वर बसवा आणि मग आळीपाळीने आवळा. तरीही हलला तर बहुधा अँगल बदलायच्या पिनच्या भोकात ढिलाई आहे. त्यावर घरी इलाज नाही, बदलूनच घ्या.

आणि हो, चांगला बेंच वीस-तीस किलोंचा असतो. लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहत असाल तर डिलिव्हरी दारापर्यंत की गेटपर्यंत, हे पैसे भरण्याआधी विचारा.