सर, एक बाईट द्या ना

जिल्हा प्रतिनिधीचा फोन बहुधा संध्याकाळी साडेपाचच्या पुढे येतो. तालुक्यांना जाणाऱ्या आवृत्तीचं पान लवकर सोडायचं असतं, बातमी जवळपास तयार असते, तज्ज्ञाचा कोट तेवढा राहिलेला असतो. "सर, दोनच ओळी बोला." नव्याने रुजू झालेला सहायक प्राध्यापक पाच मिनिटं विषयाची पार्श्वभूमी सांगतो, सहाव्या मिनिटाला मुद्द्यावर येतो, आणि सकाळी छापून येतं ते मध्येच कुठेतरी सहज बोलून गेलेलं वाक्य. यात प्रतिनिधीचा दोष फारसा नसतो. सिंगल कॉलम बातमीत कोटाला पंचवीस-तीस शब्दांची जागा मिळाली तरी खूप. म्हणून निष्कर्ष आधी आणि कारण मागून सांगा. प्रत्येक वाक्य असं असावं की आजूबाजूचं सगळं कापलं तरी त्याचा अर्थ बदलू नये. "वर सांगितलेल्या कारणामुळे" किंवा "मघाशी म्हटलं तसं" अशी सुरुवात असलेलं वाक्य डेस्कवरच्या कात्रीत टिकत नाही.

फोन उचलला म्हणजे तिथल्या तिथे बोललंच पाहिजे असं नाही. बातमी नेमकी कशाची आहे, आणखी कोणाशी बोलणं झालं, पान किती वाजता जाणार, एवढं विचारा आणि पंधरा मिनिटं मागून घ्या. मात्र पंधराव्या मिनिटाला फोन तुम्हीच करायचा. आकडे असतील तर कोट व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, ऐकण्यात होणारी चूक टळते. 'ऑफ द रेकॉर्ड' म्हणून काही सांगण्याच्या फंदात पडू नका. जे छापून आलेलं चालणार नाही, ते बोलायचंच नाही.

बोलायचं कोणी, हेही एकदा समजून घ्या. परीक्षा, निकाल, नेमणुका, विद्यार्थ्यांवरची कारवाई, कॅम्पसवरची भांडणं यांवर कुलगुरू, कुलसचिव, परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक किंवा जनसंपर्क अधिकारी बोलतात. तुमचा अधिकार तुमच्या विषयापुरता. शासकीय महाविद्यालयात असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू होतात. अनुदानित महाविद्यालयात प्राचार्यांना आणि विद्यापीठ विभागात विभागप्रमुखांना एक ओळ कळवून ठेवली की दुसऱ्या दिवशीचे प्रश्न वाचतात. प्राश्निक (प्रश्नपत्रिका काढणारा) किंवा परीक्षक म्हणून नाव असेल, तर पेपरफुटीच्या बातमीवर चकार शब्द काढू नये, मग वार्ताहर कितीही ओळखीचा असो. लैंगिक छळाच्या प्रकरणात पीडितेची ओळख पटेल असा विभाग, वर्ग किंवा गाव तोंडातून जाऊ द्यायचं नाही. कायद्याने त्याला मनाई आहे.

पदांची एक गंमत इथेच सांगून टाकू. मराठीत कुलपती म्हणजे राज्यपाल आणि कुलगुरू म्हणजे विद्यापीठाचे प्रत्यक्ष प्रमुख. हिंदीत बऱ्याच ठिकाणी 'कुलपति' म्हणजे कुलगुरू, आणि राज्यपालांना 'कुलाधिपति' म्हणतात. हिंदी चॅनेलची पट्टी पाहून एखादा उपसंपादक मराठी बातमी करतो आणि कुलगुरूंचं विधान राज्यपालांच्या नावावर जातं. हिंदी वाहिनीला बाईट (कॅमेऱ्यापुढची छोटी प्रतिक्रिया) देताना पद आणि विद्यापीठाचं पूर्ण नाव मराठी वळणाने कॅमेऱ्यातच सांगा. पूर्ण नाव महत्त्वाचं, कारण छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ ही तिन्ही बाहेरच्या डेस्कवर नुसती 'मराठवाडा विद्यापीठ' होऊन बसतात.

आता ज्या विषयांवर मराठवाड्यात हमखास फोन येतो त्यांकडे. इथे शब्द आणि एकक सांभाळण्यात सगळा कस लागतो.

पाऊस घ्या. भूगोलाच्या प्राध्यापकाला विचारलं जातं, "सर, ढगफुटी म्हणू ना?" साधारण वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत एका तासात १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तर ती ढगफुटी. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर नोंद झाली तर ती अतिवृष्टी, आणि पंचनाम्याचं गणित याच आकड्याभोवती फिरतं. मंडळातला पर्जन्यमापक दिवसाची बेरीज १४० दाखवत असेल, तर त्यावरून ताशी किती पडला ते कळत नाही. "ही अतिवृष्टी आहे, ढगफुटी म्हणायला तासाची नोंद लागेल," एवढंच बोला. मथळ्यात ढगफुटी आलीच तरी तुमच्या नावापुढे ती नसेल.

जायकवाडीचंही तसंच. धरणाची एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी, म्हणजे तेवढे अब्ज घनफूट. त्यातला जवळपास ७६ उपयुक्त साठा आणि २६ मृतसाठा. पेपरात येणारी टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. "जायकवाडी शून्यावर" असं छापून आलं की पैठणपासून जालन्यापर्यंत घबराट पसरते, तेव्हा नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्याच जलाशयात, २६ टीएमसीच्या आसपास पाणी असू शकतं. बोलताना 'उपयुक्त साठा' हा शब्द टक्क्याला चिकटूनच उच्चारा, दोघांमध्ये श्वाससुद्धा घेऊ नका.

भूकंपावर सगळ्यात जपून. ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीची पहाट लातूर-धाराशिवकडच्या कुठल्याच घराने विसरलेली नाही. १० जुलै २०२४ला हिंगोली, नांदेड, परभणी पट्ट्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. अशा सकाळी भूगर्भशास्त्राच्या माणसाला पहिला प्रश्न येतो, "मोठा येणार का?" "नाकारता येत नाही" हे उत्तर शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष आहे, पण मथळा होतो 'मोठ्या भूकंपाची शक्यता : तज्ज्ञ'. त्याऐवजी सांगा : "भूकंपाची तारीख जगात कोणालाच आधी सांगता येत नाही. तशी कोणी सांगितली तर विश्वास ठेवू नका." मग तुलना द्या. तीव्रता एका अंकाने वाढली की ऊर्जा सुमारे बत्तीसपट होते. किल्लारीची तीव्रता ६.२ धरली, तर तिथे या धक्क्याच्या साडेतीनशेपट ऊर्जा बाहेर पडली होती. 'जेमतेम दोन अंकांचा फरक' ऐकून घाबरलेल्या माणसाला हा आकडा कळतो. जमिनीतल्या गूढ आवाजांच्या बातमीसाठीही हेच धोरण ठेवा : माहीत आहे ते आधी, तपास सुरू आहे ते नंतर, अंदाज अजिबात नाही.

शेतीत चूक थेट शिवारात जाते. मिलिलिटरचं लिटर, हेक्टरचं एकर, ग्रॅमचं किलो हे तीन अपघात कायमचे. शिफारस हेक्टरी असते आणि शेतकरी एकरात मोजतो. एक हेक्टर म्हणजे अडीच एकर धरून भागाकार तुम्हीच करून द्या : सोयाबीनचं बियाणं हेक्टरी ७५ किलो, म्हणजे एकरी ३० किलो. फवारणीचं प्रमाण "दहा लिटर पाण्यात तीन मिलि" असं पंपाच्या भाषेत, आणि लेखी. पेरणीबद्दल 'समाधानकारक पाऊस झाल्यावर' हे वाक्य निरुपयोगी आहे. "७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका" हे कात्रण काढून ठेवलं जातं. हवामानाचा अंदाज मनाने देऊ नका. परभणीची कृषी हवामान सल्ला पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी निघते, तिचा हवाला द्या.

प्रेसनोटबद्दल थोडक्यात. लेटरहेडचा फोटो किंवा पीडीएफ पाठवली की कोणाला तरी ती पुन्हा टाइप करावी लागते, आणि गर्दीच्या दिवशी ती टोपलीत जाते. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या मोबाइलवर चिन्हांचा चिवडा दिसतो. युनिकोड मजकूर थेट मेसेजमध्ये पाठवा, दीडशे ते दोनशे शब्द, दुपारी चारच्या आत. फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जातो आणि छपाईत चेहरे काळवंडतात. फोटोओळ 'डावीकडून' अशी लिहा. दीपप्रज्वलनाचा फोटो एकच पुरे; अकरा मान्यवरांची नावं लिहिली की विषयाचं नावच कापलं जातं.

पेटंटच्या बातम्यांवर मात्र थांबायला हवं, कारण यात प्राध्यापक स्वतःच घोळ घालतात. पेटंटचा अर्ज दाखल होणं, तो प्रसिद्ध होणं आणि पेटंट मंजूर होणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. अर्ज साधारण अठरा महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो, लवकर प्रसिद्धीची विनंती केली तर त्याआधीच. तोवर कोणी तपासलेलाही नसतो. डिझाइन नोंदणी तर वेगळ्याच कायद्याखाली, डिझाइन कायदा २०००खाली होते आणि ती वस्तूच्या बाह्य रूपापुरती असते. परदेशातल्या डिझाइन नोंदणीला 'आंतरराष्ट्रीय पेटंट' म्हणून सत्कार घेणं आता इतकं वाढलंय, की खरं पेटंट मिळालेल्या माणसाला सांगायची चोरी झाली आहे. प्रेसनोटमध्ये पायरीचं नाव, अर्ज क्रमांक आणि तारीख लिहा.

टीव्हीचा बाईट वीस सेकंदांचा लागतो, म्हणजे सावकाश बोलून चाळीसेक शब्द. स्ट्रिंगर (वाहिनीचा स्थानिक बातमीदार) बूम माइक पुढे करतो, तेव्हा त्याच्याकडे पाहून बोला; लेन्सकडे पाहणं फक्त स्टुडिओशी थेट जोडणीच्या वेळी. पंखा बंद, पाठीमागे खिडकी नको, बारीक चौकड्यांचा शर्ट नको. प्रश्न बातमीत बहुधा ऐकू येत नाही, म्हणून तो उत्तरात गुंफा. "हो, बरोबर" हा बाईट होत नाही. फोनोसाठी, म्हणजे फोनवरून थेट बोलताना, स्पीकर बंद ठेवा आणि टीव्हीचा आवाज पूर्ण कमी करा, नाहीतर घुमतो.

आकाशवाणीवर उलट. तिथे दहा मिनिटांच्या भाषणाला हजार शब्द लागतात. संहिता सुट्या कागदांवर, एकाच बाजूला, पिन न लावता न्या. पान उलटल्याचा आवाज माइक पकडतो. कीटकनाशकाचं व्यापारी नाव तिथे घेता येत नाही, घटकाचं नाव लागतं, म्हणून ते नीट उच्चारायचा सराव घरी करा.

चूक छापून आली तर व्हॉट्सॲप गटावर ओरडू नका. चुकलेलं वाक्य, बरोबर वाक्य, तारीख आणि पान क्रमांक एवढंच लिहून आधी बातमीदाराला, दिवसभरात काही झालं नाही तर संपादकांना लेखी पाठवा. फवारणीचं प्रमाण किंवा परीक्षेची तारीख चुकली असेल, तर शुद्धिपत्रकाची वाट न पाहता सकाळीच प्राचार्यांमार्फत खुलासा काढा. मामला फारच गंभीर असेल आणि संपादकांकडून दाद मिळत नसेल, तर दैनिकाविरुद्धची तक्रार प्रेस कौन्सिलकडे दोन महिन्यांच्या आत जावी लागते, म्हणून मूळ कात्रण जपून ठेवा. आणि छापील अंकाच्या आधी पोर्टलवरची बातमी दुरुस्त करून घ्या, कारण दुपारनंतर तालुक्याचे वार्ताहर तिथूनच उचलतात.